चपला काढायची जागा

इसोबे सेन्से माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते इंग्रजीत. दार उघडलं तर समोर पांढरा शर्ट, राखाडी स्वेटर आणि ऐंशीला टेकलेला एक काटकुळा माणूस. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "डिअर, टिअर्स आर फॉलिंग ऑन माय पियानो."

योकोहामाला येऊन मला तीन आठवडे झाले होते. मिलिंद ऑफिसला गेलेला, अडीच वर्षांची ईरा माझ्या कडेवर. मी सरळ दार लावून घेतलं. पुन्हा बेल वाजली. या वेळी त्यांनी बोटाने आधी खाली दाखवलं, मग माझ्या पाठीमागे. वळून बघते तर वॉशिंग मशीनचा पाइप निसटलेला आणि घरभर पाणी. ते पाणी फरशीतून झिरपून खालच्या मजल्यावर त्यांच्या पियानोवर ठिबकत होतं.

त्यांचं सगळं इंग्रजी जुन्या अमेरिकन गाण्यांतून आलेलं होतं. तिकडे दोन महायुद्धांच्या आगेमागे नाटकांसाठी, सिनेमांसाठी आणि नाचाच्या हॉलसाठी जी गाणी लिहिली गेली, त्यांतून. त्यामुळे त्यांच्याजवळ चंद्राला शब्द होते, निरोपाला होते, एकटेपणाला तर पाच-सहा होते. गळतीला एकही नव्हता. पुढे मी जपानी शिकले आणि आमचं बोलणं त्या भाषेत व्हायला लागलं, पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते इंग्रजीत शिरायचे आणि मला 'डिअर' म्हणायचे. एरवी मी 'साने-सान', म्हणजे सानेबाई. माझं आडनाव जपानी वाटतं याचा त्यांना फार आनंद होता.

गेल्या महिन्यात क्योतोच्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. त्या काळातल्या गाण्यांवर ती पीएचडी करते आहे. इसोबे सेन्सेंच्या अकरा वह्या माझ्याकडे असल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. बघायला येऊ का, असं विचारते आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याआधी हे लिहायचं आहे. मिलिंदलासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही.

'सेन्से' म्हणजे गुरुजी, पण पेशाने ते पियानो जुळवणारे, ट्यूनर. स्वेटरच्या खिशात सतत स्वरकाटा, ट्यूनिंग फोर्क. जिन्याच्या कठड्यावर, किटलीवर, बसस्टॉपच्या खांबावर तो टिचकवून कानाशी न्यायचे. त्या गळतीनंतर आठवड्याभराने जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचं मशीन कपडे पिळताना अर्धा सूर चढतं. त्याला काहीतरी दुखतंय." मशीन महिन्याभरात बंद पडलं.

दर बुधवारी दुपारी वस्तीच्या हॉलमध्ये ते आठ-नऊ म्हाताऱ्यांना ही गाणी शिकवायचे. मी डोंबिवलीला लग्नाआधी सात वर्षं गाणं शिकलेली, इथे बोलायला माणूस नाही, म्हणून मुलीला घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक जुनं गाणं म्हणायला लावलं. मी रेकॉर्डवर ऐकलेलं तसं सुरू केलं. त्यांनी दोन्ही हात कळांवरून उचलले.

"साने-सान, तुम्ही चपला घालून आत आलात."

मी घाबरून पायांकडे पाहिलं. चपला दारातच काढलेल्या होत्या. बाकीची मंडळी हसायला लागली. प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच ऐकावं लागलेलं होतं.

त्यांचं म्हणणं असं. या गाण्यांत मुख्य गाण्याच्या आधी एक छोटं कडवं असायचं. त्याला व्हर्स म्हणायचे. चाल साधी, बोलल्यासारखी. त्यात गाणारा सांगायचा की मी कोण, कुठे उभा आहे, हे गाणं मला आत्ताच का म्हणावंसं वाटतंय. पुढे रेकॉर्डवाल्यांना वेळ पुरेना, गायकांना धीर उरेना, आणि ती कडवी गळून गेली. आता जगाला फक्त मधलं गाणं माहीत आहे. सेन्सेंच्या लेखी ते कडवं म्हणजे गेनकान. जपानी घरात दार उघडल्यावर पायरीखालची जी चौकोनी जागा असते, जिथे चपला काढायच्या आणि मग वर चढायचं, ती. "बाहेरचा माणूस आतला होतो तो तिथे. तेवढी जागा ज्याला नको, त्याला घरात घेऊन काय करायचं?"

मी त्यांना मुखडा आणि अंतरा समजावून सांगितला, आलापाचं सांगितलं. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या बुधवारी वर्गाला जाहीर केलं की भारतात लोक अर्धा तास चपला काढतात, हा खरा सुसंस्कृत देश.

एकदा बंदराजवळच्या एका हॉटेलने आमच्या गटाला संध्याकाळच्या कार्यक्रमात गायला बोलावलं. बायकांनी नवे ब्लाउज शिवले. मांडवासारखं झगमगीत स्टेज होतं. ऐनवेळी तिथला व्यवस्थापक येऊन हळूच म्हणाला, तीनच मिनिटं आहेत, सुरुवातीचं ते सोडा, लोकांना ओळखीचं तेवढंच म्हणा. सेन्सेंनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. पियानोचं झाकण बंद केलं, त्यावर पडलेला धुळीचा कण रुमालाने टिपला, व्यवस्थापकाला वाकून नमस्कार केला आणि चालू लागले. मागोमाग आम्ही नऊजण. मग त्यांनी खांबावर स्वरकाटा वाजवला आणि ते कडवं आम्ही बसमध्ये म्हटलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

शब्दांच्या बाबतीत ते फार कडक होते. ही गाणी लिहिणारी माणसं म्हणे एकेका शब्दासाठी आठवडा काढायची. लांब सुरावर कुठला शब्द येतो ते बघा, म्हणायचे. तो शब्द तोंड उघडं ठेवणारा हवा. तोंड मिटलं की सूर मेला. "तोंड मिटून निरोप देता येतो, पण लांबवता येत नाही." संत्र्यासारखं दिसणारं ते इथलं मिकान सोलत, सालीचा एकच लांब वेटोळा काढत, ते अशी वाक्यं टाकायचे. साल तुटली की गप्प बसायचे.

माझी आई गेली त्या वर्षीची गोष्ट. मी डोंबिवलीला जाऊन तेरावा करून परत आले. विमानतळावरून घरी आले तेव्हा चार वाजले होते, मिलिंद आणि ईरा अजून यायचे होते. मी स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने खालून पियानो ऐकू यायला लागला. एक कडवं वाजलं आणि थांबलं. मग दुसऱ्या गाण्याचं कडवं. तेही मुख्य गाणं सुरू व्हायच्या आधी थांबलं. मग तिसरं. तासभर नुसती कडवीच. कुठल्याही गाण्यात ते शिरले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, सेन्से, काल गाणी अर्धीच का सोडलीत? म्हणाले, "डिअर, काल दारातच बसायचं होतं. आत यायची घाई नव्हती."

इतकं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना ते लक्षात राहायला हवं.

वह्यांबद्दल. युद्धानंतर योकोहामात अमेरिकन सैनिकांचे क्लब होते. तिथले पियानो जुळवायला विशी-एकविशीतल्या इसोबेंना पाठवत. एका क्लबात एक सार्जंट होता. युद्धाआधी तो न्यूयॉर्कमध्ये गाणी छापणाऱ्या एका दुकानात दिवसभर पियानोवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गायकांना नवी गाणी वाजवून दाखवायचा. शेकडो कडवी त्याला पाठ. त्याने ती इसोबेंना शिकवली आणि इसोबेंनी वह्यांत उतरवली. सार्जंटने स्वतःही एक गाणं लिहिलं होतं. ते कुणी छापलं नाही. मायदेशी परतताना त्याने ते इसोबेंना शिकवलं आणि म्हणाला, हे आता तुझ्याकडे. पुढे त्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही. ते अख्खं गाणं जगात फक्त दोन ठिकाणी होतं : त्या वह्यांतल्या एका निळ्या वहीत आणि सेन्सेंच्या डोक्यात. वर्गाला मुख्य गाणं त्यांनी शिकवलं होतं. त्याचं कडवं मात्र ते स्वतःच म्हणायचे, वर्षातून एकदा, डिसेंबरातल्या शेवटच्या बुधवारी. कुणी मागितलं तर म्हणायचे, "अजून नाही. तुम्ही तयार झालात की देईन."

एकोणनव्वदाव्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले. पुतणीने त्यांना टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या खोलीत एक पलंग, एक फळी. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अकरा वह्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. वर आणि खाली वर्तमानपत्राच्या घड्या, कोपरे दबू नयेत म्हणून. आणि पांढऱ्या कागदी सुतळीने आडवी-उभी बांधणी. ते सगळंच असं बांधायचे. आमच्या इमारतीत सगळेच बांधतात, कारण रद्दी अशीच बांधून द्यावी लागते.

"दर बुधवारी एकेक वही घेऊन या," ते म्हणाले. "निळी शेवटी."

मी गठ्ठा दारातल्या चपलांच्या कपाटात ठेवला. त्याच्या शेजारी आमची रद्दी असायची. गेनकानमध्येच ठेवला, तेव्हा मला वाटलं होतं की किती योग्य जागा.

दोन-तीन बुधवार गेले, मला जमलं नाही. ईराची परीक्षा, माझं ऑफिस. मग दिवाळी आली. इथे बायका डिसेंबरअखेर घर साफ करायला काढतात, आपण दिवाळीला. शनिवारी संध्याकाळी ग्योतोकुहून चार कुटुंबं फराळाला यायची होती. त्याच शनिवारी सकाळी आठच्या आत रद्दी खाली न्यायची होती. चकलीचं पीठ मळून ठेवलेलं, गाडीचा आवाज कोपऱ्यावर आलेला. परदेशी माणसाची रद्दी उशिरा आली की कशी नजर बदलते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी कपाटातले गठ्ठे दोन्ही हातांनी ओढले आणि दोन फेऱ्यांत खाली नेले.

आजवर स्वतःशीसुद्धा मी एवढंच म्हणत आले की चूक झाली, घाईत कळलं नाही. तसं नव्हतं. जिन्यात माझ्या हाताला कळलं होतं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा मऊ असतो, बोटं आत रुततात. हा कडक होता. पुठ्ठे होते. बोटांनी सांगितलं आणि मी थांबले नाही. एका पायरीवर गठ्ठा टेकवून बघायला किती वेळ लागला असता? पण गाडी आली होती, पीठ वाळत होतं, आणि मी मनात म्हटलं, नंतर बघू. जणू नंतर असं काही असतं.

गाडी गेल्यावर कपाट पुसायला गेले. कपाट रिकामं होतं.

मी फोन केला नाही, गाडीमागे धावले नाही. चकल्या केल्या. पाहुणे म्हणाले, यंदा खुसखुशीत झाल्यात.

पुढच्या बुधवारी वृद्धाश्रमात गेले ती सगळं सांगायचं ठरवूनच. सेन्से खिडकीशी बसले होते, मांडीवर मिकान. "वही?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या बुधवारी आणते, सेन्से."

"निळीच आणा मग. सार्जंटची."

"आणते."

"राहू दे म्हणा, पाठ आहे," ते म्हणाले. "पण त्याचं अक्षर बघायचं होतं. पहिल्या पानावर त्याने स्वतः लिहिलंय. माझं नाव चुकीचं लिहिलंय." आणि हसून त्यांनी ते कडवं म्हटलं. तिथे, माझ्यासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता.

माझ्या पर्समध्ये पेन होतं. फोनही होता. मी लिहून घेतलं नाही. वही घरी आहे असं सांगितल्यावर मी लिहून कशाला घेईन? घेतलं असतं तर त्यांनी वर पाहिलं असतं. त्या एका नजरेला मी भ्यायले आणि मांडीवर हात ठेवून मान डोलावत ऐकत राहिले. चाल माझ्या डोक्यात राहिली, आपला कान तसा तयार झालेला असतो. शब्द राहिले नाहीत.

मग दर बुधवारी 'पुढच्या बुधवारी'. त्या डिसेंबरात ते वर्गाला येऊ शकले नाहीत. जानेवारीत त्यांना दुसरी ओळ आठवेना. "वहीत आहे," ते स्वतःला समजावायचे आणि शांत व्हायचे. फेब्रुवारीत पहिली ओळही अर्धी गेली. वह्या एका सकाळी गेल्या हे खरं. पण कडवं त्या सकाळी गेलं नव्हतं. त्यानंतर चार महिने ते त्या खोलीत माझ्यासमोर बसलेलं होतं आणि मी त्याला डोळ्यांदेखत जाऊ दिलं.

त्यानंतर करोना आला आणि वृद्धाश्रमाने भेटी बंद केल्या. त्या दिवशी सूचना वाचून मला हायसं वाटलं. हेही लिहिते.

मे महिन्यात पुतणीचा फोन आला. काका जेवत नाहीत, दिवसभर एकच विचारतात, साने-सान वही घेऊन आल्या का. अंगणात उभं राहून काचेपलीकडून भेटता येईल, पंधरा मिनिटं. निदान ते कडवं वाचून दाखवाल का?

दोन दिवस मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते कडवं रचलं. चाल त्यांची, म्हणजे सार्जंटची. इंग्रजी शब्द माझे. बंदरात उभा असलेला माणूस, धुकं, सुटणारी बोट. सगळं त्यांच्याच शिकवणीतून उचललेलं. यमक जुळलं तेव्हा मला आनंद झाला. मी खरोखर खूश होऊन टेबलावर बोटं वाजवली. ईरा जपानीत म्हणाली, आई आज किती दिवसांनी गुणगुणतेयस.

आता आमच्या गटात पाचजण उरले आहेत. डिसेंबरातल्या शेवटच्या बुधवारी आम्ही तेच म्हणतो, सार्जंटचं कडवं म्हणून. मी शिकवलं आहे त्यांना, वहीतून उतरवलं असं सांगून. ते म्हणताना सत्त्याऐंशीच्या होंदा-सान दरवर्षी रडतात. क्योतोच्या मुलीला उत्तर लिहायच्या आधी, येत्या बुधवारी, मला गटासमोर उभं राहून खरं सांगायचं आहे. जपानीत ते कसं सांगायचं हे कळेना, म्हणून आधी मराठीत लिहून बघितलं.

सेन्सेंना मी शेवटचं पाहिलं ते त्या काचेतून. अंगणात हायड्रेंजाला नुकते कळे आले होते. नर्सने चाकाची खुर्ची खिडकीला भिडवली आणि फोन त्यांच्या कानाला लावून धरला. ते अगदी लहान झाले होते. स्वेटर तोच, खिशात स्वरकाट्याचा फुगवटा. माझ्या हातात एक निळी वही होती. कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेली, कोरी करकरीत. त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

मी म्हटलं. त्यांची बोटं पांघरुणावर चालत होती, मान जरा कलती. शेवटच्या ओळीत तो लांब सूर येतो. तिथे मी 'वेट' असा शब्द घातला होता. थांब, या अर्थाने. बोटं थबकली.

"तिथे," ते फोनमध्ये म्हणाले, "तोंड मिटतं."

मी हातातल्या कोऱ्या वहीकडे पाहिलं.

"सार्जंट तिथे तोंड मिटणार नाही. कधीच नाही." बोटांनी ती जागा पांघरुणावर पुन्हा वाजवून पाहिली. मग म्हणाले, "मीच उतरवताना चुकलो असणार. इतकी वर्षं चुकीचं लिहून ठेवलं आणि तुम्हाला सांभाळायला दिलं." आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाने खुर्चीतल्या खुर्चीत पुढे वाकून, कपाळ काचेला टेकेपर्यंत वाकून, माझी माफी मागितली.

बोलायचं होतं ते तिथे. माझं तोंडही उघडलं होतं.

त्यांनी खिशातून स्वरकाटा काढला, खुर्चीच्या दांड्यावर आपटला आणि त्याचं बूड काचेला लावलं. अख्खी काच बारीक गुणगुणायला लागली. मी कान टेकवला. "पुन्हा, डिअर," ते म्हणाले. "दारापासून." आणि हात उचलून, मी सुरुवात करायची वाट बघत थांबले. काटा बराच वेळ वाजतो. तो विझेपर्यंत माझ्याजवळ वेळ होता.

मी कडवं पहिल्यापासून म्हटलं. त्या जागी 'वेट' काढून 'स्टे' घातलं. तोंड उघडं राहिलं, सूर लांबला. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता असा उजेड आला.

"सोरे, सोरे," ते म्हणाले. हेच, हेच. "असंच म्हणायचा तो."

नर्सने घड्याळ दाखवलं आणि खुर्ची वळवली. लांबलचक पॅसेजमधून ते जात राहिले. पाठ माझ्याकडे, एक हात खुर्चीबाहेर, बोटं ठेका धरून. फोन नर्सच्या हातात चालूच राहिला होता. त्यातून मला ऐकू येत होतं. माझं कडवं त्यांना एका खेपेत पाठ झालं होतं.